शेंडेफळ

साडेतीन वर्षं फाइल फिरत होती.
ओरोसहून आलेल्या बाईंनी आमची न्हाणी पाहिली,
विहिरीला कठडा आहे का ते पाहिलं,
मग विचारलं, समजा तिला मासे आवडलेच नाहीत तर?
दिगंबर बोटीवर होता, मस्कतच्या अलीकडे कुठेतरी.
मी एकटीच हसले.
त्यांनी तेही लिहून घेतलं.

शिक्के, शिक्क्यांवर शिक्के,
आणि शेवटी मादागास्करातल्या एका कचेरीत
फ्रेंच कागदावर मला वाचता आलेला एकच शब्द:
फारा.
दुभाष्या म्हणाला, म्हणजे शेवटची, सगळ्यांत धाकटी.
शेंडेफळ, मी मनात म्हटलं,
आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.
शेंडेफळ म्हटलं की फांदी आली.
कुणी थोरली असेल,
जिचे झगे टाचून हिला घातले असतील.
कुणी भाऊ असेल, हिला पाठीवर घेऊन फिरलेला.
कागदात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

निवतीला उतरलो तेव्हा
रापण ओढायची थांबवून माणसं बघायला आली.
"खयचा गो ह्या चेडू?"
रेवतीमावशीने तिची हनुवटी उचलली, नीट न्याहाळलं.
"आमच्या बाबल्यापेक्षा उजळच आसा," म्हणाली,
आणि चार बांगडे ठेवून गेली, पैसे न घेता.
सगळेच असे नव्हते.
त्यांचं इथे सांगत नाही.

लोक म्हणायचे, तिकडेही समुद्रच ना,
तोच तर इकडे येतो.
ती डोंगरातली.
समुद्र तिने पहिल्यांदा विमानातून पाहिला.
लाट फुटली तेव्हा ती पळाली
ती माझ्या पायांमागे नाही,
पडवीच्या खांबामागे.

नवव्या दिवशी तिने पहिल्यांदा काही मागितलं.
वारी, म्हणाली. वारी, वारी.
मी धावत जाऊन वरीचे तांदूळ आणले,
एकादशीसारखे शिजवले, वर तूप, दाण्याचं कूट.
एक घास घेतला तिने
आणि रडली, अजिबात आवाज न करता,
जशी फार सवय असलेली मुलं रडतात.

रात्री फोन तुटत होता.
दिगंबरने बोटीवरच्या मलागासी वायरमनला विचारून सांगितलं:
अगो, वारी म्हणजे भात. साधो भात.
आणि मी नऊ दिवस तिला
पाव देत होते, अंडी, बिस्किटं, सफरचंदाच्या फोडी,
परदेशातली म्हणून.
शेजारच्या चुलीवर आमच्या दोघींपैकी एकीसाठीच
उकड्या तांदळाचा भात रटरटत असायचा
आणि ती दारात उभी राहून वास घ्यायची.

तीन वाट्या खाल्ला तिने.
मग टोपाच्या तळाला लागलेल्या खरपुडीकडे बोट दाखवलं,
पाणी ओत, उकळू दे, अशी खूण केली.
तांबूस, करपट पाणी.
फुंकर घालत प्यायली, मग कप माझ्यापुढे केला.
मला नाही आवडलं.
मी प्यायले.

शाळेत गुरुजी म्हणाले, एखादं आपलं नाव ठेवा की,
तिलाच सोपं जाईल.
रजिस्टरात फारा दिगंबर तारी असंच लिहायला लावलं.
बदललं असतं,
आणि कधी शोधत आलीच ती थोरली, तर तिने
कोणत्या नावाने हाक मारायची?

नेनी, म्हणते ती मला आता.
त्यांच्यात आईला म्हणतात तसं.
आपल्या जुन्या ओव्यांत नेणे म्हणजे ठाऊक नसणे.
हाक बरोबर जागी लागते.

संध्याकाळी दीपगृह लागतं.
एकेक झोत फिरून आला की ती मोजते,
बाबा येईपर्यंतचे दिवस असल्यासारखे:
इराय, रुआ, तेलु...
गेल्या महिन्यात सातापर्यंत तिकडचे आकडे असायचे,
आता चारपासूनच आपले.
मी घाईघाईने वहीत पाहून मध्येच म्हणते,
एफात्रा, दिमी.
ती मोजायची थांबते,
माझ्या ओठांवर बोट ठेवते
आणि उच्चार दुरुस्त करते.